साठ मिनिटांचा गडी आणि वाचनालयाचा हॉल

पत्र थोडक्यात असं: ठाण्यात राहणाऱ्या एक वाचक, वय 46, बँकेत नोकरी. जवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा श्रवणसभा भरते. कुणीतरी एक विषय घेतं, गाणी ऐकवतं, मधूनमधून त्यांच्याबद्दल बोलतं. नाट्यसंगीत झालं, बेगम अख्तर झाल्या, जॅझही झालं. या वेळी यांची पाळी आहे. विषय ठरलाय ‘रॉक अँड रोलच्या आधी’, म्हणजे 1940 आणि 50च्या दशकांतलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत, ऱ्हिदम अँड ब्लूज. गाणी निवडताना शब्द नीट ऐकले आणि लक्षात आलं, की यातली बरीचशी भलत्याच गोष्टीबद्दल आहेत. आधी त्या पोट धरून हसल्या, मग ओशाळल्या. अकरावीतली मुलगी पडद्यावर दाखवायला गाण्यांचा मराठी अर्थ लिहून देत होती. तिने विचारलं, “आई, हा दातांचा डॉक्टर नक्की काय करतोय?” समितीतल्या ज्येष्ठ खजिनदारांनी यादीतली दोन गाणी घरी ऐकली आणि निरोप दिला, “आपल्याकडे घरंदाज लोक येतात. हे आंबट प्रकरण नको.” प्रश्न तीन आहेत. विषयच बदलावा का? की याच गाण्यांच्या ‘स्वच्छ’ आवृत्त्या लावून वेळ मारून न्यावी? आणि बाईच्या देहावर विनोद करणाऱ्या गाण्यांना आपण एक बाई असून हसलो, यात आपलं काही चुकलं का?

ताई,

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत.

या गाण्यांत विनोद बाईवर होतो, असं तुम्ही धरून चालला आहात. काही गाण्यांत होतो, त्यांच्याकडे येऊच. पण मुलीने ज्याबद्दल विचारलं ते दातांच्या डॉक्टरचं गाणं, ‘लाँग जॉन ब्लूज’, डायना वॉशिंग्टन या गायिकेचं आहे. 1949मध्ये ते चांगलंच गाजलं. सात फुटांहून उंच दंतवैद्य, त्याचं ड्रिल, पोकळी भरायला हवी हे त्याचं निदान, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला येण्याची सूचना. कागदावर उतरवलं तर केसपेपरात खपून जाईल. पण हा सगळा वृत्तान्त बाईच्या तोंडून येतो. कुठे थांबायचं, कुठे साळसूद चेहरा करायचा, कुठला शब्द जरा जास्त वेळ तोंडात घोळवायचा, हे तीच ठरवते. खुर्चीत आडवी झालेली ती आहे, पण गाणं तिच्या मुठीत आहे. 1954मध्ये तिनेच ‘बिग लाँग स्लायडिन थिंग’ म्हटलं. त्यात ती एका वादकाच्या शोधात फिरते. इतर वाद्यंवाले येतात-जातात, पण तिला हवा असतो तो ट्रॉम्बोनवाला, लांब नळी मागेपुढे सरकवणारा. आता ट्रॉम्बोन हे वाद्यच तसं आहे, त्याला ती काय करणार?

ज्युलिया ली तर तुमच्याच वयाची. कॅन्सस सिटीच्या क्लबांत वर्षानुवर्षं पियानो वाजवून गाणारी ही बाई 1902 सालची. ‘स्नॅच अँड ग्रॅब इट’ 1947मध्ये आलं तेव्हा ती पंचेचाळिशीला टेकली होती. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची जी वेगळी क्रमवारी तेव्हा छापली जाई, तिच्यात हे गाणं 12 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आईने जी गायची नाहीत म्हणून बजावलं ती ही गाणी, अशी ती आपल्या गाण्यांची ओळख करून देई. 1949मध्ये वॉशिंग्टन शहरात पत्रकारांच्या मेजवानीत ती राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापुढे गायली. ट्रुमनही तिच्याच मुलखातले. तिच्या आवाजात लाडिकपणा नाही, उसासे नाहीत. महिन्याचा वाणसामानाचा हिशोब सांगावा तशा सुरात ती आपल्या हौशीबद्दल सांगते. प्रौढ बाई, स्वतःच्या सुखाबद्दल मोकळेपणाने बोलणारी, आणि त्यासाठी गाण्याच्या शेवटी तिला कुणी शिक्षा करत नाही, असं किती ठिकाणी ऐकायला मिळतं? तुम्ही हसलात ते बरंच केलंत.

पुरुषी फुशारकीचं गाणं हवं तर ‘सिक्स्टी मिनिट मॅन’ आहे. 1951, द डॉमिनोज, फेडरल कंपनी. या गटातला तार आवाजाचा क्लाइड मॅकफॅटर पुढे मोठं नाव झाला, पण या गाण्यात पुढे येतो तो बिल ब्राउनचा खर्ज. लव्हिन डॅन नावाचा हा गडी आपल्या एका तासाचं वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार हप्त्यांत जाहीर करतो. 14 आठवडे पहिला क्रमांक, शिवाय गोऱ्या श्रोत्यांच्या पॉप यादीतही 17वा. बिली वॉर्ड यांच्या जोडीने हे गाणं लिहिणारी रोझ मार्क्स ही बाईच, हेही सभेत सांगा.

पुढे काय झालं ते जास्त मजेचं आहे. 1952मध्ये द डू ड्रॉपर्स या गटाने ‘कान्ट डू सिक्स्टी नो मोर’ म्हणत हात टेकले. त्याच वर्षी रूथ ब्राउनचं ‘फाइव्ह, टेन, फिफ्टीन अवर्स’ आलं. मुळात त्यात मिनिटं होती, पण साठ मिनिटांचा गडी येऊन गेल्यावर पाच-दहा मिनिटांची मागणी कोण करणार, म्हणून त्यांचे तास केले, असं सांगतात. एकाने बढाई मारली, दुसऱ्याने तिच्यातली हवा काढली, बाईने मागणी वाढवून ठेवली. एकेकटं ऐकलं तर नुसती चावटी वाटते. ओळीने तिन्ही लावलीत की एकमेकांना चिमटे काढणारी माणसं ऐकू येतात. मराठी कानाला इथे सवाल-जवाब आठवतील, आठवू देत. मात्र ‘ही तर त्यांची लावणी’ असं म्हणून मोकळं होऊ नका. आपल्या शृंगारिक लावणीत बाईच्या मनातलं बहुतेकदा शाहिराने, म्हणजे पुरुषाने लिहिलेलं असतं, आणि तिच्यामागे जातीचा आणि आश्रयदात्यांचा वेगळाच इतिहास आहे. दोन्हीकडचं सांगायला अर्ध्या तासात जमणार नाही, म्हणून नकोच.

आता नको वाटणारी बाजू. ‘वर्क विथ मी, अ‍ॅनी’ हे 1954चं हँक बॅलार्ड आणि द मिडनाइटर्स यांचं गाणं. आधीचा मुखडा याहून उघडा होता, निर्माते राल्फ बास यांनी तो बदलायला लावला. उरलेलं ‘काम’ कोणतं हे कुणालाही कळावं. पाठोपाठ ‘अ‍ॅनी हॅड अ बेबी’ आलं: अ‍ॅनीला मूल झालंय, आता तिला ‘काम’ जमत नाही, आणि तक्रार बाप्याची. दोन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. चावट गाण्यांत सहसा परिणाम दिसत नाहीत. इथे पाळणा हलला खरा, पण तोही पुढचा विनोद म्हणून. आणि या सगळ्यात अ‍ॅनी काय म्हणते ते कुणीच विचारत नाही. उत्तर दिलं एटा जेम्सने, ‘रोल विथ मी, हेन्री’ म्हणत. तिचा ठसका असा, की विनवणी करणारी बाजूच उलटते, हेन्रीचीच परीक्षा सुरू होते. पण हे गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा एटा 16 वर्षांची होती. हे कळल्यापासून मला ते पहिल्यासारखं मजेत ऐकता येत नाही. लावू नका, असं म्हणत नाही. लावलंत तर तिचं वय सांगा.

एक मात्र मी यादीतून काढेन: ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’. 1937चं हे ब्लूज पुढे पुष्कळांनी गायलं. मूळ गायक सनी बॉय विल्यमसन शाळेतल्या मुलीच्या मागे लागलाय आणि मीही शाळकरीच आहे असं आईवडिलांना सांग, हेही तिला पढवतोय. वाजवलंय उत्तम. तरी नको. खेळ चाललाय हे दोघांनाही कळत असेल, दोघांनाही नाही म्हणता येत असेल, तर मला चावटीचं वावडं नाही. ज्या गाण्यात एकालाच सगळं ठाऊक आहे आणि दुसरी व्यक्ती लहान आहे किंवा कोंडीत आहे, तिथे दोन अर्थ असले काय नि चार असले काय, मला हसू येत नाही.

दुसरा प्रश्न, स्वच्छ आवृत्त्यांचा. हा मार्ग तुम्हाला निर्धोक वाटतोय. मला तोच सगळ्यात अडचणीचा वाटतो, आणि अडचण पैशाची आहे. एटाच्या गाण्याचं नाव तिच्या कंपनीनेच आधी सोज्वळ करून ‘द वॉलफ्लॉवर’ असं ठेवलं होतं. मग 1955मध्ये जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने त्याचं ‘डान्स विथ मी, हेन्री’ केलं आणि ते पॉप यादीत पहिलं आलं. गाणं लिहिणाऱ्याला रॉयल्टी मिळे, पण गायकीची ढब आणि वाद्यमेळाची बांधणी यांवर तेव्हाच्या कायद्याने मूळ गायिकेचा काही हक्क नव्हता. गिब्जने लॅव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेच्या ‘ट्वीडली डी’चीही जवळजवळ तंतोतंत नक्कल केली. तेव्हा बेकर यांनी अमेरिकी संसदेतले डेट्रॉइटचे सदस्य चार्ल्स डिग्ज यांच्याकडे कायदा बदलण्यासाठी गाऱ्हाणं मांडलं. त्यातून हाती काही लागलं नाही. आणि गंमत बघा, ‘ट्वीडली डी’ अगदी निरुपद्रवी गाणं, त्यात धुऊन काढण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्याची गोरी आवृत्ती निघाली. म्हणजे अश्लीलता काढायची म्हणून नवी आवृत्ती, हे कारण प्रत्येक वेळी खरं धरू नका.

धुण्याचं कामही कसं अर्धवट झालं, त्याचा मासला ‘शेक, रॅटल अँड रोल’ आहे. जेसी स्टोन यांनी लिहिलेलं हे गाणं बिग जो टर्नरने 1954मध्ये गायलं, त्याच वर्षी बिल हेली या गोऱ्या गायकाने. टर्नर सुरुवातीलाच बाईला अंथरुणातून उठवतो. हेलीच्या गाण्यात अंथरूण गायब, ती थेट स्वयंपाकघरात भांडी वाजवायला. उन्हात आरपार दिसणारा तिचा पोशाख गेला, त्या जागी केसांची ठेवण आली. पण मासळीच्या दुकानात डोकावणारा एका डोळ्याचा बोका हेलीच्या गाण्यातही जागच्या जागी आहे! कात्री लावणाऱ्याला तो कळला नसेल, किंवा कळला म्हणूनच त्याने ठेवला असेल. तुमच्या खजिनदारांनी हेलीचं गाणं कुठल्यातरी लग्नाच्या स्वागत समारंभात ऐकलंही असेल. त्यांना आत्ताच सांगायची घाई करू नका.

धुतल्याने गाणं दरवेळी बिघडतंच असंही नाही. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ क्लबात फार उघडं होतं. सप्टेंबर 1955मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्टुडिओत डोरोथी लाबोस्ट्री या बाईकडून त्याचे शब्द घाईघाईने बदलून घेतले. त्या गाण्याचा जीव शब्दांत नव्हताच, सुरुवातीच्या त्या निरर्थक आरोळीत होता, आणि ती शाबूत राहिली. तेव्हा माझं म्हणणं असं: धुतलेलं गाणं मूळ गाण्याच्या ऐवजी लावू नका, त्याच्या शेजारी लावा. टर्नर आणि लगेच हेली. एटा आणि लगेच गिब्ज. काय गेलं, काय राहिलं, पैसे कुणाला मिळाले, यावर तुमच्या श्रोत्यांत अर्धा तास चर्चा होईल, आणि ती चावटीवर नसेल.

आता खजिनदार आणि त्यांचे घरंदाज लोक.

एक नाव त्यांना जरूर सांगा: थॉमस डॉर्सी. 1928मध्ये ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने त्यांनी टँपा रेडबरोबर ‘इट्स टाइट लाइक दॅट’ हे गाणं केलं. दोन अर्थांची गाणी रेकॉर्डवर भरभरून येऊ लागली, त्यात या गाण्याचा मोठा वाटा. 1932मध्ये त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ ही प्रार्थना रचली. मार्टिन ल्यूथर किंग यांना ती फार प्रिय होती, आणि 1968मध्ये त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी महालिया जॅक्सन यांनी ती म्हटली. डॉर्सी यांना आज गॉस्पेलचे, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिसंगीताचे, जनक म्हणतात. चावट गाणी करणारे कुणी वेगळे आणि सभ्य लोक वेगळे, अशी वाटणी या एका माणसापाशी येऊन अडते. डायना वॉशिंग्टनसुद्धा आधी सॅली मार्टिन यांच्या गॉस्पेल गटात गात होती.

पण खजिनदारांना सोवळे किंवा अडाणी ठरवून पुढे जाऊ नका. ही गाणी खुद्द ज्या समाजातून आली तिथेही ती अनेकांना नको होती. मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे दिवसभर कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालणारं अमेरिकेतलं पहिलं रेडिओ केंद्र. त्याने 1954मध्ये अ‍ॅनीची गाणी लावायचं बंद केलं. ज्यांना गोऱ्या समाजाने ‘हे लोक असेच’ म्हणून कायम हिणवलं, त्यांना आपल्यातली चावट गाणी देशभर वाजताना संकोच वाटला तर त्यात दांभिकपणा शोधू नये.

त्याच वर्षी मेम्फिसच्या पोलिसांनी द ड्रिफ्टर्सचं ‘हनी लव्ह’ ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रात, लागण्याआधीच जप्त केलं. फेब्रुवारी 1955मध्ये ‘व्हरायटी’ या करमणूक व्यवसायाच्या साप्ताहिकाने संगीतवाल्यांना खरमरीत इशारा छापला. ह्यूस्टनमध्ये एका समितीने रेडिओवर लावू नयेत अशा गाण्यांची यादी काढली, त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय कलाकारांची. एवढी बोंब अचानक का उठली? गाणी जुनीच होती. बेसी स्मिथने ‘एम्प्टी बेड ब्लूज’ 1928मध्ये गायलं होतं, ज्युलिया ली 1947मध्ये 12 आठवडे पहिली होती. बदलला होता तो श्रोता. तोवर ही गाणी रात्रीच्या गुत्त्यांत आणि क्लबांत, दिवसभर राबून आलेली मोठी माणसं ऐकत. 1954च्या आसपास गोऱ्या घरांतली शाळकरी मुलं या रेकॉर्ड विकत घेऊ लागली, रेडिओवर मागू लागली, आणि तीच गाणी एकाएकी समाजाला धोका ठरली.

तुमच्या हॉललाही हेच लागू आहे. गाणं चांगलं की वाईट यावर खजिनदारांशी वाद घालत बसलात तर दोघंही थकाल. हॉलमध्ये कोण असणार आहे, हे विचारा. त्यांना नक्की कशाची धास्ती आहे? आजोबांबरोबर येणाऱ्या नातवंडांची? शेजारी सुनेला बसवून हे ऐकावं लागेल याची? की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या तक्रारीची? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि तिन्ही भीती रास्त आहेत.

माझी सूचना अशी. निमंत्रणातच सरळ लिहा: मोठ्यांसाठीचा कार्यक्रम, काही गाणी चावट आहेत. हे लपवून माणसं गोळा केलीत तर उठून जाणाऱ्याचा राग बरोबरच आहे. कार्यक्रमाचे दोन भाग करा, मध्ये चहा ठेवा, आणि दोन अर्थांची गाणी चहानंतर घ्या. ज्याला जायचं त्याला कपबशी ठेवून निघता आलं पाहिजे, दहा जणांच्या गुडघ्यांना धक्के देत नव्हे. पहिल्या भागात साधी गाणी भरपूर ठेवा. ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणजे चावट गाणीच, असं अजिबात नाही. विरहाची आहेत, कर्जाची आहेत, दारूची आहेत, नुसती नाचाची आहेत. बिग मामा थॉर्नटनचं 1953चं ‘हाउंड डॉग’ घ्या. फुकट्या पुरुषाला दारातून हाकलणाऱ्या बाईचं गाणं आहे ते. एल्व्हिसच्या 1956च्या गाण्यात त्या पुरुषाचा नुसता कुत्राच उरला. एकापाठोपाठ दहा चावट गाणी लावलीत तर लोक ‘त्यांच्यात असंच असतं’ एवढंच घेऊन घरी जातील. मला या कार्यक्रमात कुठल्या गोष्टीची खरी काळजी वाटत असेल तर ती हीच आहे.

आणि पडद्यावर मराठी अर्थ लिहू नका. कारण सांगते. बुल मूस जॅक्सनचं 1952चं ‘बिग टेन इंच रेकॉर्ड’ ऐकलंत ना? गायक ‘माझं मोठं दहा इंची...’ इथवर येतो आणि थांबतो. बँडही थांबतो. ऐकणारा वाक्य मनातल्या मनात पुरं करतो. मग गायक अगदी निरागसपणे म्हणतो, ‘रेकॉर्ड’. 78 फेऱ्यांच्या तबकड्या खरोखरच दहा इंची असत, त्यामुळे त्याला कुणी पकडूही शकत नाही. नको तो शब्द गाण्यात कुठेच नाही, तो श्रोत्याने आणलेला आहे. तुम्ही तो पडद्यावर मराठीत लिहिलात, की तो तुमचा होतो, आणि विनोद तिथेच मरतो. वरवरची गोष्ट तेवढी सांगा: एक बाई दातांच्या डॉक्टरकडे जाते, एक माणूस आपल्या रेकॉर्डबद्दल बोलतो. पुढचं ज्याचं त्याने पाहावं. कुणाला नाहीच कळलं तर त्यालाही दातांच्या डॉक्टरचं एक चांगलं गाणं ऐकायला मिळालं.

मुलीबद्दल. अकरावीतल्या मुलीने “डॉक्टर नक्की काय करतोय” असं विचारलं, तेव्हा तिला ते कळलेलं होतं, असं मी पैजेवर सांगते. तुम्हाला कळलंय का, आणि कळलं असेल तर तुम्ही विषय बदलता का, हे ती बघत होती. विषय बदलू नका. “हो, तसंच आहे, आणि मलाही हसू आलं” इतकं पुरे. त्यानंतर तिला बोलावंसं वाटलं तर तुमच्याकडे साहित्य भरपूर आहे: कुठल्या गाण्यात बाई स्वतःचं बोलते, कुठल्यात तिच्याबद्दल बोललं जातं, सोळाव्या वर्षी एटाकडून काय गाऊन घेतलं गेलं. पण तिने सभेला यावं असा आग्रह नको आणि येऊ नको अशी बंदीही नको. आईबरोबर घरी हसणं वेगळं, आणि ओळखीच्या काकांच्या रांगेत बसून तीच गाणी ऐकणं वेगळं. तिला अवघडल्यासारखं होईल की नाही हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात विचारणारी पत्रं मला अधूनमधून येतात: ऑफिसच्या सहलीतल्या अंताक्षरीत, लग्नाच्या संगीतात, गॅदरिंगमध्ये दोन अर्थांची गाणी म्हणावीत का. त्या वाचकांनाही सांगते, शब्दांची तपासणी नंतर करा, आधी खोली बघा. ज्युलिया लीसमोर बसलेली माणसं तिलाच ऐकायला, स्वतःहून आलेली असत. ऑफिसच्या बसमध्ये साहेब असं गाणं म्हणतात तेव्हा नवीन लागलेल्या मुलीला धावत्या बसमधून उतरता येत नाही, आणि न हसणंही परवडत नाही. गाणं तेच असलं तरी तो विनोद उरत नाही, वरच्या माणसाची दादागिरी होते. “अमेरिकेत तर 1951पासून चालतं” हा बचाव तिथे कुणी करू नये, आणि केला तर माझं नाव सांगू नये.

तर विषय बदलू नका. खजिनदारांना एका संध्याकाळी घरी बोलवा, त्यांच्या पत्नीसह. आधी डॉर्सी यांची प्रार्थना लावा, मग ‘इट्स टाइट लाइक दॅट’, मग टर्नर आणि हेली पाठोपाठ. बोका तेव्हा दाखवा. निमंत्रणाचा मजकूर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, म्हणजे इशारा पुरेसा स्पष्ट आहे की नाही ही चिंता मिटेल. एवढं करूनही समितीचं मत नकोच असं पडलं, तर ते माना. वाचनालय सगळ्यांचं आहे. त्या महिन्यात हॉलमध्ये पहिल्या भागातली साधी गाणी वाजवा. चहानंतरचा भाग तुमच्या दिवाणखान्यात होऊ द्या, ज्यांना ऐकायचंय त्यांना बोलावून. तिथे ज्युलिया ली आधी लावा आणि साठ मिनिटांचा गडी तिच्यानंतर.